पाळीच वेळेवर येत नसेल, तर दिवस मोजायचे कुठून?

गर्भ राहिला हे सांगायला मराठीत ‘दिवस गेले’ असा शब्दप्रयोग आहे. आता किती दिवस गेले हे कळायचे, तर ते कुठून मोजायचे हे आधी ठाऊक असावे लागते. बहुतेक बायकांना ते ठाऊक असते. पाळीची तारीख टळली, वर चार-पाच दिवस झाले, की मनात शंका येते आणि बऱ्याचदा ती खरी निघते. पण जिची पाळी कधी ३५ दिवसांनी येते, कधी ६० दिवसांनी, आणि मधेच तीन-तीन महिने येतच नाही, तिने काय करायचे? तिच्या घरात पाळी चुकणे ही बातमीच नसते.

पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, असलेल्या बायकांची ही नेहमीची अडचण. बोलताना बहुतेक जण ‘पीसीओडी’ म्हणतात. व्यवहारात दोन्ही शब्द एकाच त्रासासाठी वापरले जातात. मूल होण्याच्या वयातल्या दर दहा बायकांमागे साधारण एकीला हा त्रास असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांचे निदानच झालेले नसते.

सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात यातल्या दोन टोकांच्या बायका एकाच बाकावर बसलेल्या दिसतात. एकीच्या लग्नाला चार वर्षे झालेली असतात. जरा मळमळले, छाती दुखली, की ती मेडिकलमधून किट आणते आणि एकच रेघ बघून ते कागदात गुंडाळून टाकते, घरात कुणाला दिसू नये म्हणून. शेजारची बाई पाळी येण्याच्या गोळ्या मागायला आलेली असते. पाच महिने पाळी नाही, पण तिला त्याचे विशेष वाटत नाही, कारण ‘तुला पीसीओडी आहे, तुला सहजी मूल व्हायचे नाही’ असे कोणीतरी कधीतरी सांगून ठेवलेले असते. तपासायला टेबलावर घेतले, की बेंबीखाली दोन बोटांवर गर्भाशय हाताला लागतो. चौथा महिना संपून गेलेला असतो.

दुसऱ्या बाईचे नुकसान जास्त होते, म्हणून तिच्या गैरसमजापासून सुरुवात केलेली बरी.

पीसीओएसमध्ये बीजांडकोशात ‘गाठी’ असतात असे सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून समजले जाते. त्या खऱ्या अर्थाने गाठी नसतात. ती स्त्रीबीजे असलेली बारीक पुटके असतात. वाढायला लागून अर्ध्यावर थांबलेली. दर महिन्याला त्यांतले एक पूर्ण वाढून फुटायचे आणि स्त्रीबीज बाहेर पडायचे, हा जो नेम असतो तो इथे मोडलेला असतो. नेम मोडला म्हणजे काम बंद पडले असे नाही. दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी, कधी लागोपाठच्या दोन महिन्यांतही, स्त्रीबीज सुटते. शिकागोच्या आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकल लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात बायकांचे वर्णन करून हा आजार वैद्यकाच्या नकाशावर आणला. बीजांडकोशाचा थोडा भाग कापून काढल्यावर त्या सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना पुढे दिवस राहिले. ती शस्त्रक्रिया आता मागे पडली आहे. पण ‘पीसीओडी म्हणजे वांझपण’ ही समजूत त्या पहिल्या लेखाच्याही आधीची असावी इतकी जुनाट आहे, हे मात्र खरे. या आजाराच्या बहुतेक बायकांना आज ना उद्या मूल होते. काहींना औषधाची मदत लागते, काहींना तीही लागत नाही.

यातून पुढची गोष्ट ओघाने येते. स्त्रीबीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. म्हणजे तीन महिने पाळी नव्हती, चौथ्या महिन्यात स्त्रीबीज सुटले आणि त्याच वेळी गर्भ राहिला, तर मधे पाळी दिसणारच नाही. बाईच्या दृष्टीने पाळी ‘अजून आलेलीच नाही’, एवढेच. मूल नको असेल, तर पाळी अनियमित आहे या भरवशावर राहणे म्हणूनच धोक्याचे. आणि हा धोका उपचार सुरू झाल्यावर वाढतो. वजन पाच टक्के जरी उतरले, म्हणजे ८० किलोच्या बाईने चार किलो कमी केले, तरी काहीजणींमध्ये स्त्रीबीज पुन्हा नियमाने सुटू लागते. मेटफॉर्मिननेही ते होऊ शकते, आणि ती गोळी तर ‘साखरेची’ म्हणून दिलेली असते. हल्ली वजन कमी करण्यासाठी जी आठवड्याची इंजेक्शने निघाली आहेत, तीही यातच येतात. ती घेत असताना गर्भ राहू देऊ नये असे डॉक्टर सांगतात, आणि नेमके त्याच काळात वजन उतरल्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता वाढलेली असते. यांतल्या टिर्झेपाटाइडने तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होऊ शकतो, म्हणून ते घेणाऱ्या बाईने निरोधाचा वेगळा विचार करायला हवा.

आता लक्षणांकडे. मराठी-हिंदी सिनेमात नायिकेला भोवळ येते, ती मोरीकडे धावते, आणि वैद्यबुवा नाडी धरून पेढे मागतात. नाडीवरून गर्भ कळत नाही, आणि नुसत्या मळमळीवरूनही कळत नाही. छाती जड होणे, स्तनाग्रे दुखणे, थकवा, झोप येणे, पोट फुगणे, चिडचिड, वारंवार लघवीला जावे लागणे ही लक्षणे खरी आहेत, पण त्यांतली बरीचशी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे होतात. हे संप्रेरक स्त्रीबीज सुटल्यावर दर वेळी वाढते. गर्भ राहो न राहो. पाळीआधीच्या आठवड्यात आणि गर्भारपणाच्या पहिल्या आठवड्यात बाईला अगदी सारखेच वाटू शकते ते यामुळे. पीसीओएसच्या बाईला तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याही दिलेल्या असतात, त्यांनीही हेच सगळे होते. मेटफॉर्मिनने मळमळते आणि तोंडाला लोखंड चघळल्यासारखी चव येते. गरोदरपणातही तशीच चव आल्याचे बायका सांगतात. वजन, चेहऱ्यावरचे पुरळ, मनाचे चढउतार हे तर आजाराचेच सोबती.

एक गोष्ट मात्र उपयोगाची आहे. गरोदरपणाची खरी मळमळ साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, आणि तोवर लघवीची चाचणी बहुतेक वेळा पॉझिटिव्ह झालेली असते. म्हणून रोज सकाळी ओकारी येते आहे आणि आठवड्याच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्या निगेटिव्ह आहेत, तर कारण बहुधा दुसरीकडे शोधायला हवे: पित्त, औषधे, कावीळ, काहीही असू शकते. उलट, चाचणी पॉझिटिव्ह आहे पण मळमळ अजिबात नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. कित्येकींना डोहाळे म्हणून काही होतच नाही.

थोडेसे रक्त जाणे हे लक्षण सर्वांत जास्त फसवते. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजताना एखादा डाग पडू शकतो. दर चार गर्भवतींमागे साधारण एकीला पहिल्या तीन महिन्यांत थोडाफार रक्तस्राव होतो. दुसरीकडे, पीसीओएसमध्ये स्त्रीबीज न सुटताच अस्तर थोडे थोडे गळून डाग दिसतात. पाहणाऱ्या बाईला दोन्हींत फरक करता येत नाही, आणि डॉक्टरलाही नुसत्या वर्णनावरून करता येत नाही. म्हणून नेहमीपेक्षा कमी, एक-दोन दिवसांची, फिकट किंवा तपकिरी अशी ‘पाळी’ आली तर तिला पाळी समजून मोकळे होऊ नये. आधी चाचणी करावी.

ही चाचणी एचसीजी नावाचे संप्रेरक शोधते. गर्भ रुजल्यावर त्याच्या बाहेरच्या पेशी ते तयार करू लागतात. रुजणे स्त्रीबीज सुटल्यावर साधारण आठ ते दहा दिवसांनी होते आणि त्यानंतर सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजीचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जाते. म्हणजे आज निगेटिव्ह आलेली चाचणी आठवड्याने पॉझिटिव्ह येणे ही नवलाची गोष्ट नाही. ‘पाळी चुकल्यावर चाचणी करा’ असे किटच्या पाकिटावर लिहिलेले असते. ज्यांची पाळी ठरलेल्या दिवशी येते त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. पीसीओएसच्या बाईने दिवस पाळीपासून न मोजता संबंधापासून मोजावेत. निरोध न वापरता आलेल्या शेवटच्या संबंधाला पूर्ण २१ दिवस झाल्यावर केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मूल हवे असल्यामुळे संबंध चालूच असतील, तर ४०-४५ दिवसांत पाळी न आल्यास एक चाचणी, मग आठवड्याने दुसरी. दुसरीही निगेटिव्ह आली आणि पाळी नाहीच, तर घरी किटवर किट आणण्यात पैसे घालवण्यापेक्षा दवाखान्यात जावे. पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबली असेल, तर गर्भ नसला तरी दाखवणे गरजेचे आहे. न गळता साठत राहिलेले अस्तर जाड होते आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहिले तर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

चाचणी सकाळच्या पहिल्या लघवीची करावी; तांब्याभर पाणी पिऊन केली तर लघवी पातळ होऊन रेघ उमटत नाही. किटबरोबरच्या ड्रॉपरने गोल खळग्यात सांगितले असतील तेवढेच थेंब टाकायचे, आणि पाच मिनिटांत निकाल वाचायचा. ‘सी’ची रेघ आलीच नाही तर किट खराब आहे. ‘टी’ची रेघ फिकट असली, पण वेळेत आलेली असली, तर ती पॉझिटिव्हच धरून दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायचे. अर्ध्या तासाने केराच्या टोपलीतून काढून बघितल्यावर दिसणारी करडी सावली धरायची नाही. पुष्कळ घरांत रडारड या सावलीवरूनच झालेली आहे. मेडिकलमध्ये ५०-१०० रुपयांत किट मिळते. गावात आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचे सरकारी किट मोफत असते, तेही तितकेच कामाचे.

पीसीओएसमुळे चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते का, असे अनेकजणी विचारतात. येत नाही. हा गोंधळ दुसऱ्या पट्टीमुळे झाला आहे. स्त्रीबीज कधी सुटणार हे सांगणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या एलएच हे संप्रेरक मोजतात, आणि पीसीओएसच्या अनेक बायकांत ते मुळातच चढलेले असते. त्यामुळे त्या पट्ट्या रोजच ‘आज, आज’ म्हणत राहतात. त्यांच्यावर पैसे न घातलेले बरे. गर्भाच्या चाचणीत खोटा होकार मिळण्याचे नेहमीचे कारण एकच: वंध्यत्वाच्या उपचारात स्त्रीबीज सुटण्यासाठी दिलेले एचसीजीचे इंजेक्शन. त्याचा अंश दहा-चौदा दिवस अंगात राहतो. अशा बाईने डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेपर्यंत धीर धरावा, किंवा रक्तातली बीटा-एचसीजी चाचणी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा करून आकडा चढतो का ते बघावे.

पाळी येण्याच्या गोळ्यांचा प्रश्न याच ठिकाणी येतो. मेडिकलमधून पाळी आणायच्या गोळ्या घेणे आणि गौरी-गणपतीत, घरच्या पूजेला, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणे, दोन्ही आपल्याकडे सर्रास चालते. या गोळ्या सुरू करण्याआधी लघवीची चाचणी व्हायला हवी. प्रोजेस्टेरॉनचा कोर्स संपल्यावर साधारण आठवडाभरात पाळी येते. दोन आठवडे होऊनही आली नाही, तर पुन्हा त्याच गोळ्या न घेता पुन्हा चाचणी. पपई, तीळ, गरम काढे यांचाही प्रयोग घरोघरी होतो. त्याने पाळी येत नाही, फक्त चार आठवडे वाया जातात.

याहून वाईट प्रकार म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आली आणि मूल नको म्हणून दुकानातून गर्भपाताचे पाकीट आणून घरी घेणे. ती औषधे गर्भारपणाच्या ठरावीक आठवड्यांपर्यंतच सुरक्षित असतात. ज्या बाईला स्वतःचे आठवडेच मोजता येत नाहीत, ती पाच आठवडे समजून चौदाव्या आठवड्यात ती गोळी घेते आणि रात्री दोन वाजता रक्ताने भिजून कॅज्युअल्टीत येते. गर्भ गर्भाशयाबाहेर, नलिकेत असेल, तर या गोळ्यांचा उपयोगही होत नाही आणि नलिका फुटण्याचा धोका तसाच राहतो. गर्भपात कायद्याने मान्य आहे, लग्न झालेले असो वा नसो. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने तो होऊ शकतो, आणि गर्भनिरोधक फसले हे कारण कायद्याने मानलेले आहे. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. लवकर आले तर सगळेच सोपे असते.

चाचणी पॉझिटिव्ह असताना पोटात एका बाजूला दुखत असेल, खांद्याच्या टोकाला कळ जात असेल, चक्कर येत असेल, तर सकाळची ओपीडी उघडण्याची वाट बघू नये.

आता मूल हवे असलेल्या बाईकडे. तिची चाचणी पॉझिटिव्ह आली, घरात आनंद झाला, आणि दोन दिवसांनी सोनोग्राफीच्या खोलीतून ती रडत बाहेर आली, असे पीसीओएसमध्ये वारंवार घडते. कारण हिशेबात असते. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायची पद्धत आहे, आणि त्यात स्त्रीबीज चौदाव्या दिवशी सुटले असे गृहीत धरलेले असते. समजा, शेवटची पाळी १ जूनला आली आणि स्त्रीबीज सुटले १५ जुलैच्या सुमारास. १० ऑगस्टला सोनोग्राफी केली, तर कागदावर दहा आठवडे होतात, आणि दहा आठवड्यांच्या गर्भाचे ठोके स्पष्ट दिसायला हवेत. प्रत्यक्षात तो जेमतेम साडेपाच आठवड्यांचा असतो. पडद्यावर दिसते ती फक्त पिशवी. ‘वाढ नाही, ठोके नाहीत’ असे वाक्य कानावर पडते, आणि ‘पिशवी साफ करावी लागेल’ हे त्यापाठोपाठ.

अशा वेळी घाई करायची नसते. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असूनही ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असूनही आत गर्भच नाही, तेव्हाच पहिल्या तपासणीत गर्भ टिकला नाही असे म्हणता येते. माप त्याहून लहान असेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघायचे, हा नियम आहे. बाईने सोनोग्राफीला जातानाच ‘माझी पाळी अनियमित आहे, मला पीसीओएस आहे’ असे आपणहून सांगावे. गर्दीच्या ठिकाणी हे विचारायचे राहून जाऊ शकते. चाचणी कोणत्या तारखेला पहिल्यांदा पॉझिटिव्ह आली आणि त्याआधी कोणत्या तारखेला निगेटिव्ह आली होती, या दोन तारखा लिहून नेल्या, तर तपासणाऱ्याला मोठी मदत होते. त्या दोन आठवड्यांची वाट बघणे फार जड जाते, यात शंका नाही. पण तब्येत ठीक असेल तर थांबण्याने बाईचे काही बिघडत नाही, आणि न थांबण्याने एक चांगला गर्भ जाऊ शकतो.

गर्भ राहिल्याचे कळले, की पीसीओएससाठी चालू असलेल्या गोळ्या त्याच दिवशी डॉक्टरांसमोर मांडायच्या. चेहऱ्यावरच्या लवेसाठी दिलेले स्पायरोनोलॅक्टोन आणि पुरळासाठी दिलेले आयसोट्रेटिनॉइन लगेच बंद करावे लागते. आयसोट्रेटिनॉइनने बाळात गंभीर व्यंगे होतात, आणि म्हणूनच ते चालू असताना पक्का निरोध हवा. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नये, विचारून ठरवावे. फॉलिक अॅसिड तर दिवस राहण्याच्या आधीपासूनच हवे, रोज किमान ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि मणका घडण्याचे काम पाळी चुकल्याचे कळेपर्यंत बरेचसे उरकत आलेले असते, आणि या बायकांना ते इतरांपेक्षा उशिराच कळते.

पीसीओएसमध्ये गरोदरपणातल्या मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका जास्त असतो. त्यामुळे ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी. दोन तासांनंतरची साखर १४० किंवा जास्त असेल तर उपचार लागतो. पहिली तपासणी ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा होते. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, असे आशाताई सांगतात ते याचसाठी.

राहता राहिली बाळंतपणाची तारीख. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफीवर गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंत लांबी मोजून जी तारीख निघते, तीच या बाईची खरी तारीख. ती कार्डावर ठळक लिहून घ्यावी आणि पाळीची तारीख तिथे खोडून टाकावी. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून येईल; त्यामुळे पहिली बदलायची नाही. नाहीतर होते असे, की नवव्या महिन्यात कोणीतरी जुन्या पाळीवरून हिशेब करते, ‘दिवस भरून वर दोन आठवडे झाले’ म्हणते, आणि पस्तीस-छत्तीस आठवड्यांच्या बाळासाठी कळा आणायचे सलाईन लावले जाते.